हातचा

दमट झालेली फीत आधी भट्टीत जाते.
चोपन्न अंश, आठ तास,
मग उलटून आणखी आठ.
मी तिला नानकटाई म्हणते, फर्गस शॉर्टब्रेड,
घरी दोघंही काही भाजत नाही.

डंडी गावात, टे नदीच्या वाऱ्याला पाठ देऊन
उभी असलेली तागाची गिरणी.
वरच्या मजल्यांवर आता महागडे फ्लॅट,
तळघरात सर्व्हर, आम्ही दोघं,
आणि चार हजार तासांची माणसं.

तीन प्रती ठेवायच्या, दोन निराळ्या वस्तूंवर,
त्यातली एक गावाबाहेर, ॲबर्डीनला.
आग लागो, नदी आत शिरो,
फर्गसच्या हातून कॉफी सांडो.
दर सात वर्षांनी सगळं उचलून नव्या फितीवर,
कारण फीत टिकते, वाचणारं यंत्र टिकत नाही;
रॉकेल भरपूर, स्टोव्हच मिळेना, अशी गत.

रविवारी रात्री यंत्र बेरजा करतं.
प्रत्येक आवाजाची एक बेरीज, चौसष्ट अक्षरी.
जुळली तर काही होत नाही.
माझी अर्धी नोकरी
काही न झाल्याची खात्री करण्यात जाते.

नोव्हेंबरात एक जुळली नाही.
फाईल दोनशे अकरा. जेसी कूट्स, विणकरीण,
जन्म एकोणीसशे नऊ, मुलाखत त्र्याऐंशी साली
तिच्याच स्वयंपाकघरात, मागे किटली.
आमच्याकडच्या प्रतीत ती
अकरा सेकंद आधीच संपत होती.

कुठे कीड नाही, गंज नाही.
साफसफाईच्या कुठल्याशा प्रोग्रॅमने
शांतता तेवढी छाटली होती, जागा वाचावी म्हणून.
गेलं काय, फर्गस म्हणाला,
तिथे काही नव्हतंच.

ॲबर्डीनची प्रत मागवली. हेडफोन लावले.
जेसी सांगते आहे, मागांचा असा गदारोळ,
धोटे असे आपटायचे,
की शेजारणीच्या कानात ओरडलं तरी पोचत नसे.
मग हातांनी बोलायचो आम्ही.
मुकादम येतोय, तर असं.
धागा तुटला, तर असं.
आणि एखादा मनात भरला, असं सांगायचं तर

अकरा सेकंद.

किटलीसुद्धा गप्प.
बाहीची सळसळ असावी, मला तरी वाटली.
मग मुलाखत घेणारी इतकी हसते
की आवाज फाटतो,
आणि जेसी म्हणते, हे लिहायचं नाही हं.

लिहिलं नाहीच कुणी.
टाइप केलेल्या कागदावर नुसतं: हात दाखवते.
आर्ब्रोथला तिची भाची आहे, चौऱ्याऐंशीची. पत्र टाकलं.
उत्तर आलं, मावशी हातवारे फार करायची खरी,
कुठला कशाचा, विचारायचं राहिलं.

बेरीज चुकली की शाळेत
बोरवणकर बाई विचारायच्या, हातचा कुठंय?
हातचा वर कोपऱ्यात बारीक लिहायचा,
उत्तर आलं की खोडरबराने पुसायचा.
मी फार जोरात पुसायची. वहीला भोकं.

अकरा सेकंद परत जागेवर ठेवले.
तिन्ही प्रती तपासल्या.
नोंद केली: शांतता. छाटू नये.
फर्गसने खांद्यावरून वाचलं. कारण?
कारणाच्या रकान्यात जागा चाळीस अक्षरांची.
मी लिहिलं: बाई बोलते आहे.

सर्व्हरच्या खोलीत पंख्यांचा घोंघाट,
कानांत बोळे घालूनच जावं लागतं.
रविवारी फर्गस दाराशी उभा राहून
दोन बोटं वर करतो: चहा?
मी तळहात आडवा हलवते: पाच मिनिटांनी.
त्याला वाटतं, नको.
बेरीज जुळते. काही होत नाही.
तो एकच कप घेऊन येतो.