फलकासाठी दहा ओळी

पंचायतीचा शिपाई सांगून गेला,
तळ्याच्या पाळीवर फलक लागणार आहे,
चार बाय सहा, निळ्यावर पांढरी अक्षरं.
गुरुजी, गावाचा इतिहास तुम्ही लिहा. दहा ओळी.
अकरावीचे पैसे पेंटर वेगळे मागतो.

पहिली सोपी: तिरखुरा, तळ्याकाठचं गाव.
खरं तर उलट.
आधी माती उपसली, मग पाणी साचलं,
मग त्या पाण्याला माणसांची तहान लागली.
फागो गहाणे नावाचा कोहळी आला, म्हणे काशीकडून,
हातात नुसती काठी,
आणि चार महिने उतारावर उभा राहिला
पाणी कुठं अडखळतं ते बघत.
पाळीत कुणाला जिवंत गाडलं नाही.
ती गोष्ट मागाहून रचली,
नुसत्या मातीकामावर कुणाचा विश्वास बसत नाही म्हणून.

पाळीवरचे मोह कुणी लावले, नोंद नाही.
झनकार उईके म्हणायचा, मोह लावत नसतेत गुरुजी,
मोह असतेत. गाव त्याईच्या बुडाशी येते.
चैतात पहाटे बायका खालचा पाला जाळतात,
काळ्या जमिनीवर पिवळी फुलं टिपायला सोपी.
ताजी असताना उंदरासारखा वास,
वाळली की मनुकांसारखा,
आणि मडक्यात आठ दिवस राहिली
की गावाच्या गोष्टी आपोआप लांबतात.

मग सरकारनं त्या वासाला कुलूप घातलं.
भट्टीचा लिलाव भंडाऱ्याला. ठेका बकाराम दियेवार कलाराचा.
त्याची दारू पाणचट, म्हणून लोक घरी गाळत,
म्हणून आबकारीचा जमादार घोड्यावरून आला
आणि सोळा मडकी सडवा तळ्यात ओतला.
सकाळी मरळ उताण्या होऊन काठाला,
ढिवरांची पोरं हातानं धरतायत.
मेल्या नव्हत्या, वाट चुकल्या होत्या.
ज्या चुलीवर गेल्या नाहीत
त्या दुपारपर्यंत शुद्धीवर आल्या.
जमादार आला नाही. त्याचा पणतू
आज मच्छीमार संस्थेत काटा बघतो,
आणि काट्यावर बोट ठेवतो, असं म्हणतात.

मालगुजारी गेली, तळं सरकारजमा झालं.
आधी घरटी नऊ टोपली माती पाळीवर पडायची,
आता पाळ सरकारची,
फुटली तर गावाची.

यात बाटलीचं मतदानही येतं.
उभी की आडवी. अकरा मतांनी आडवी झाली.
पुढाकार फुलवंता वलथरेचा,
आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तीच टोपली घेऊन मोहाखाली.
मी विचारलं, तर कमरेवर हात ठेवून म्हणाली,
दुकान वेगळं गा, मोह वेगळा.
तिच्या बचत गटाचे मोहाचे लाडू गोंदियाला जातात.
बाकीचं कुठं जातं, मी विचारलं नाही.

परवा नाशकाहून एक तरुण आला, टोपीवाला.
फूल चघळलं, डोळे मिटले,
म्हणाला, याची वाईन होईल, लेबलवर सारस टाकू.
शेवटची जोडी आम्ही तीन वर्षांमागं पाहिली होती,
शिंगाड्याच्या वेलांपलीकडं,
एकमेकांपासून जरा लांब चालत होती.
ते त्याला कुणी सांगितलं नाही. चहा पाजला.

शिपाई आज परत आला.
आमदार, सभापती, सरपंच, निधीचं नाव,
यात सहा ओळी गेल्या. चारच उरल्या.
मी लिहिलं:
तिरखुरा. तळं जुनं आहे.
मध्ये खोल आहे, पोहू नये.
मोहाखाली गाडी लावू नये.
चौथी सुचेना.

रात्री पाळीवर बसलो होतो.
कुणीतरी पाळी नसताना तुडुम सैल केला,
पाणी अंधारात कुणाच्या तरी बांधीकडं निघालं,
बारीक, दबकत.
काठावरच्या प्रत्येक घरात ते ऐकू गेलं असणार.
एक दिवा लागला. थोडा वेळ राहिला.
विझला.