दोन दिवस वाया

खातेवही हाताळायला इथे पांढरे मोजे देतात.
घालताना हसू आलं.
न्यूपोर्ट न्यूजच्या गोदीत एकतीस वर्षं लेथ चालवली,
नखांत मुरलेलं ते तेल
कापसाआड दडवून
मी १८२७ सालात शिरते.

व्हर्जिनियातली लोखंडाची भट्टी, ओढ्याकाठी.
शाई तपकिरी पडलेली,
अक्षर मात्र वळणदार, शाळेत गेलेलं.

‘आयशम, घणवाला. ठरल्याहून जास्त कांबी, अठरा.
जमा: एक डॉलर वीस सेंट.
नावे: कॉफी, दोन रत्तल.
नावे: केझायासाठी शाल, निळी.’

रंग लिहिला, एवढं बरं केलं कारकुनानं.
त्याखालच्याच ओळीत
नव्या खेचराची किंमत.

मग जानेवारी, आणि मोडलेले दांडे.
घणाचा दांडा हिकरीचा, मांडीएवढा जाड,
महिन्याकाठी एक मोडायचा.
सुतार बोलवा, चक्कीचं पाणी तोडा,
आणि खोळंब्याचा हिशेब
कुणाच्या तरी पाठीवर मांडा
(तो या वहीत नाही).

चक्कीच्या आसाला चौकोनी दाते होते.
ते फिरत यायचे आणि दांड्याला धडक द्यायचे.
दांडा उडायचा, घण आदळायचा.
जुन्या नकाशात पाहिलं आणि मला कळलं
तो नेमका कुठे मोडत असणार.
बोट ठेवून दाखवीन.

आयशमनं ते कानानं ओळखलं असेल.
लाकूड आधी कण्हतं.
फुटतं नंतर.

‘फेब्रुवारी ९. आयशम आजारी नाही, भट्टीवरही नाही.
लाकडाचं काहीतरी कोरत बसला.
दोन दिवस वाया. कापले: दीड डॉलर.’

मार्च चाळला. एप्रिल. मे.
दांड्यांचा खर्च नाही.
चुकून पान सुटलं का म्हणून पुन्हा मागे गेले.
नाही. ऑगस्टपर्यंत एकही नाही.
कांबी दीडपट.
आणि सप्टेंबरात मालकाचं पत्र, फिलाडेल्फियाच्या मेव्हण्याला:
‘घणाच्या यंत्रात मी एक सुधारणा केली आहे.’
सोबत सुबक आकृती.
सहीचा फराटा आकृतीहून मोठा.

पेटिफोर्डबाईंनी तळघरातून पुठ्ठ्याची पेटी आणून दिली.
आत सफरचंदाच्या लाकडाचा तुकडा,
तळव्यात मावेल एवढा. चिठ्ठी:
‘लाकडी वस्तू. उपयोग अज्ञात. कदाचित खेळणं.’

मी मोजे काढले.
बाईंनी पाहिलं, आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

अंगठा वळणावरून नेला, नाकापासून टाचेपर्यंत.
आधी हळू चढ, जणू कुणी झोपलेलं मूल उचलावं,
मग भराभर,
मग एकदम काही नाही: घण सुटतो.
अरे, उचलायचंच आहे ना?
मग मारता कशाला?

टाचेजवळ एक ढलपी बसवलेली आहे.
तिथे पटाशी खोल गेली असणार,
त्यानं हळूच शिवी हासडली असणार,
आणि दुसरा तुकडा घ्यायला वेळ नव्हता.
माझ्या पहिल्या कॅमलाही असाच डाग होता,
फोरमननं तो सगळ्यांना दाखवला.
पगार मात्र पूर्ण मिळाला मला त्या आठवड्याचा.

वर्षाखेरीस कारकुनानं पान
दुहेरी रेघ ओढून बंद केलं आहे.
‘बाकी: आयशमकडून येणे, चाळीस सेंट.’

इथे पेन चालत नाही, पेन्सिल देतात.
मी चिठ्ठी उलटी केली.
‘कॅम,’ लिहिलं. ‘उपयोग: उचलणे.
बनवणारा: आयशम, घणवाला. दोन दिवस लागले.’

पाचला कुलूप लागतं.
पेटी परत केली, सही केली, कोट घातला.
पेन्सिलीचंच आहे.
खोडरबर तिथेच, टेबलावर होतं.