पेव नंबर ०७

गणपती पेठेत दुसऱ्या मजल्यावर बसते मी.
खाली हळदीची पोती, वर संगणक.
कीबोर्डच्या फटीत टाचणी घातली
तर पिवळं निघतं.

चौकट मी नीट आखली होती:
अडत्या, लॉट, वजन, ओल, भाव.
पाच रकाने, पाच टॅग,
उघडला की मिटायचा, डब्यावर झाकण.
एक्सएमएलला एवढीच शिस्त लागते,
आणि मला वाटलं, बाजारालाही असेल.

मग मगदूमांच्या पेढीवरून नोंदी यायला लागल्या.
पहिलीत सहावा रकाना: पॉलिश किती वेळा.
दुसरीत तो नाहीच,
पण "शिजवली कुणी" आहे, आणि उत्तर: आम्हीच.
तिसरीत भावाच्या जागी लिहिलंय, थांबा.
माझा प्रोग्राम पहिल्याच अनोळखी नावापाशी
बैलासारखा पाय रोवून उभा.
म्हणे, हा माझ्या यादीत नाही.

फोन केला. पलीकडे दुंडाप्पा मुनीम.
"आधी सगळे रकाने सांगून ठेवा ना," म्हटलं.
"बाई, पोतं उसवल्याबिगर
आत काय निघंल, कसं सांगू?"
मागे लिलाव चालला होता,
रुमालाखाली बोटं मोजत असणार कुणीतरी.

त्या रात्री चौकट मोडली.
आता पोतं पालथं घालायचं,
जे निघेल त्याला विचारायचं, तुझं नाव काय,
मग, तुझ्यात काय आहे.
आत आणखी पोतं निघालं
तर तेही पालथं, तेच दोन प्रश्न.
यादी नाही. फक्त विचारायची रीत.

तरी नावं अडलीच.
टॅगच्या नावात मोकळी जागा चालत नाही,
आकड्यानं सुरू झालेलं चालत नाही.
"२०० किलोवरचं" दारातच थांबलं.
"पाणी शिरलं का" मधल्या फटी
मी खालच्या रेघांनी शिवून टाकल्या,
वाचलं तर टाके घातलेलं तोंड दिसलं.
उसवलं परत.
सगळ्यांना एकच टॅग दिला, बाब,
आणि खरं नाव त्याच्या कमरेला बांधलं,
अवतरणात, जसंच्या तसं,
प्रश्नचिन्हासकट.

हरिपूरच्या एका नोंदीत पेव नंबर ०७.
संगणकानं शून्य गिळलं, सात उरलं.
मुनीम चिडले पहिल्यांदाच:
"सात गावात हाय. शून्य सात नदीकडंला.
सातात हुडकत बसला तर
माल सापडंल व्हय त्याला?"
तेव्हापासून मी कशालाच आकडा मानत नाही.
आलं तसं, अक्षर म्हणून.

त्याच नोंदीत होतं, पाणी शिरलं का.
पुढे काही नाही.
बाकीच्यांत हा रकानाच नव्हता.
हिच्यात होता, आणि रिकामा.
"हे गाळू का?" विचारलं.
बराच वेळ फोनवर नुसता वजनकाटा वाजत राहिला.
"नगं. इचारलं हुतं आमी.
उत्तर आलं न्हाई.
तेवढं ऱ्हाऊ दे."

म्हणून ती ओळ तशीच आहे फायलीत:
उघडलेला टॅग, जागीच मिटलेला,
आत एक अक्षरही नाही.
कुठल्या बंदरावर, कुठल्या बँकेत कोण वाचेल माहीत नाही.
त्यांचा प्रोग्राम तिला ओलांडून जाईल.
मला मात्र प्रत्येक वेळी तिथं
खोल, गार, झाकण लावलेलं काहीतरी दिसतं
आणि कडेला ओणवा माणूस,
कंदील आत सोडून हवा तपासणारा.

सोमवारी सकाळी नवीन नोंदी आल्या.
एकीत कधी न पाहिलेला रकाना:
बाईंचा प्रोग्राम कसा हाय.
उत्तर: बरा.

तीही गेली, कुठेही न अडता,
ओल आणि वजनाच्या मधोमध.