पट्टी

हळदीच्या अडतीवर मी पट्ट्या लिहिते.
वजन, भाव, हमाली, तोलाई.
पोत्यामागं किलोभर इकडंतिकडं झालं
तर शेठ म्हणतात, असू दे हो, बारदान धरा.
आणि आज चौगुल्यांच्या दुकानात
पाऊण तास उभी आहे
पाच ग्रॅमसाठी.

एक त्र्याऐंशी ग्रॅमची, एक अठ्ठ्याऐंशीची.
एकीचं डोकं जड, दुसरीचं नाही.
चौगुल्यांचा पोरगा विचारतो, "मुलाला हवीय?"
"मला."
"मग ही गुलाबी बघा की."

गुलाबी मी बघत नाही.

खांदा आखडला म्हणून सुरू केलं होतं.
भाच्याची जुनी रॅकेट, जत्रेत जोडीनं मिळालेली,
दांडा आणि डोकं जिथं भेटतात तिथं लोखंडी सांधा.
माझ्या खांद्यासारखाच,
पावसाळ्यात कुरकुरणारा.
तिनं दीड वर्ष काढलं.
सर्व्हिस आता जाळीत जात नाही.
दिवाळीपासून फूल मागच्या रेघेपर्यंत जातं,
म्हणजे दहातलं चार वेळा.
स्मॅश म्हणाल तर
तो अजून ओरडून केलेला ड्रॉपच आहे.

सकाळच्या बॅचमधल्या यशोधननं एकदा त्याची दिली होती.
काळी, नऊ हजारांची, डोक्याकडं झुकलेली.
फूल असं सुटलं की मंदाकिनी कोळेकर
समोरून म्हणाली, "अगं बाई!"
एकच गेम.
मग तीन दिवस कोपर बोलत होतं.
वहीत आठाचा आकडा काढताना
शेपूट थरथरायचं.
तरी रात्री डोळे मिटले की
तीच काळी दिसायची.

"घ्या, हप्त्यानं घ्या," चौगुल्यांचा पोरगा म्हणतो.
मी दोन्ही हातांत दोन धरते,
डोळे मिटते,
तागडीसारखी उभी राहते.
शोकेसच्या काचेत दिसतं:
पंचेचाळिशीची बाई, पंजाबी ड्रेस, कपाळावर आठी.
एक दांडा वाकवला तर वाकतो,
दुसरा वाकत नाही.
मला वाकणारा आवडला.
का, ते त्याला सांगितलं नाही.

सत्तावीसशे. निळी. तारा न ओवलेली.

तारांसाठी मिरजेला, मुबारकचाचांकडं.
आत भोपळे टांगलेले, थोरल्या भावाचे तंबोरे,
लाखेचा वास,
आणि खिडकीशी तार ओढायचं मशीन.
"किती पाउंड?"
"यशोधन सव्वीस घालतो."
"यशोधनचं नाही विचारलं."
गप्प राहिले.
त्यांनी माझं मनगट हातात न घेता
नुसतं बघितलं,
हळदीनं पिवळी झालेली बोटं बघितली.
"लोकांच्या पट्टीत गायला गेलं ना,
की गळा बसतो. एकवीस घालू या.
पुढच्या वर्षी चढवू."

ओवून झाल्यावर त्यांनी तार नखानं छेडली,
कानाशी धरली,
आतून भावानं हूं केलं.
कशाला हूं केलं
कोण जाणे.
मला तर फक्त टण् असं ऐकू आलं.

"मुठीला पट्टी कुठली? पांढरी आहे."
"पांढरी नको. आठवड्यात हळद लागते."
"मग पिवळीच गुंडाळू."

शटल रिक्षात मांडीवर घेऊन बसले.
शेजारची म्हातारी म्हणाली, "डास मारायची का?"
"हो," म्हटलं. "मोठे असतात आमच्याकडं."

आज पहाटे पहिलं फूल
फ्रेमवर लागलं. ठक्.
दुसरंही.
मंदाकिनी हसली, मग मीही.
तिसरं कुठं गेलं ते बघायला
मी मान वर केली
आणि दिव्याच्या उजेडात ते
अजून वरच होतं.