खिसे

धुवायला आलेल्या कोटांचे खिसे उलटे करताना
बाबा बोलायचे नाहीत.
रॉचेस्टरमधलं, जोसेफ अव्हेन्यूवरचं आमचं दुकान;
पायरीशी सरोवरावरून आलेलं गुडघाभर बर्फ,
आत वाफ, रसायनाचा उग्र वास
आणि झायनवेल कुप्फर,
दोन बोटं खिशात घालून डोळे मिटलेले,
विहिरीत पडलेली कळशी
गळ टाकून शोधावी तसे.

निघेल ते पाकिटात, पाकिटावर नंबर.
बसचं तिकीट, खोकल्याच्या गोळ्या, अर्धा कंगवा,
एकदा मिसेस व्हॅन ऑर्डनच्या कोटात कबुतराचं पीस.
पीससुद्धा परत दिलं त्यांनी.
ती हसली. ते हसले नाहीत.

धंदा तसा त्यांना जमलाच नाही.
उधारी मागताना खाकरायचे,
जणू पैसे त्यांनीच बुडवलेत.

चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात
सैन्यानं त्यांना बंदूक दिली,
मग त्यांचं अक्षर पाहिलं,
बंदूक काढून घेतली आणि पेन्सिल दिली.
बेल्जियममधलं बीटाचं शेत.
ओळीनं निजवलेली पोरं.
त्यांचे खिसे रिकामे करायचे, यादी करायची,
गळ्यातला बिल्ला वाचायचा:
ज्यावर ‘एच’ असेल
त्याच्यावर क्रूस नाही, सहा टोकांची चांदणी.
काहींनी ते अक्षर घासून टाकलेलं,
शत्रूच्या हाती लागलोच तर, म्हणून.
ती खरवड बाबा अंगठ्यानं वाचायचे.
थंडीनं खिसे कडक झालेले, बोट शिरत नसे;
मेलेल्याचा कोट शेगडीपाशी धरून
थांबावं लागे, म्हणे.

आणि वरून सांगणं असं होतं
की घरी जाणाऱ्या डब्यात
घरच्यांना लागेल असं काही नको.
रक्ताळलेली चिठ्ठी बाजूला.
पत्त्यांचा घाणेरडा कॅट बाजूला.
बायकोचा नसलेला फोटो, तोही.

“बायकोला तार गेली,”
इस्त्रीवरची नजर न हलवता ते एकदा म्हणाले,
मी तेव्हा चाळिशीची, घटस्फोट घेऊन परत आलेली,
“आईला गेली.
हिला कोण कळवणार?”
आणि बाही उलटी केली.

रात्री लिहायचे.
पावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूंवर, यिडिशमध्ये,
उजवीकडून डावीकडे.
पदरमोड करून एक पुस्तक छापलं, दोनशे प्रती.
एकशे बारा अजून माझ्या तळघरात आहेत.
वाचणारे म्हातारेच होते, एकेक करून गेले;
भाषा दांडीवर टांगलेली राहिली,
पावती हरवलेल्या कोटासारखी.

त्यांच्या स्वतःच्या कोटाचे खिसे शिवलेलेच होते.
दुकानातून नवा कोट येतो तसे, कच्च्या टाक्यांनी.
एकवीस वर्षं वापरला, टाके उसवले नाहीत.
किल्ल्या मुठीत धरून चालायचे.

मला ती लिपी येत नाही.
आईनं घरात इंग्रजीच बोलायचं ठरवलेलं,
आणि आईनं ठरवलं की ठरलं.
टोरोंटोच्या एक निवृत्त शिक्षिका, फ्रुमा झालकिंड,
दर गुरुवारी फोनवर वाचून दाखवायच्या,
तिथल्या तिथे अर्थ लावत, मधेच शिंकत.

मी युद्धाची वाट पाहत होते.
युद्ध आलंच नाही.
प्रत्येक गोष्टीत एक बाई:
कधी टपालखात्यात, कधी बेकरीत,
कधी टोप्यांच्या कारखान्यात पिसं चिकटवणारी,
कुणाची वाट पाहत नसल्यासारखं दाखवणारी.
आणि एक परका माणूस येतो.
टोपी काढतो. काहीतरी किरकोळ विकत घेतो.
सुट्टे पैसे पुन्हा पुन्हा मोजतो.
निघून जातो.

चौदा गोष्टी झाल्या.
एकाही गोष्टीत तो तोंड उघडत नाही.

“तो सांगत का नाही तिला?” मी विचारलं.
पलीकडे कप बशीवर ठेवल्याचा आवाज.
“नाव माहीत नव्हतं ना,” फ्रुमाबाई म्हणाल्या.
“अजून पाच आहेत. वाचू?”