एका गुणाचा प्रश्न

म्हापशाच्या शाळेत प्रश्नमंजूषा.
गुण मांडायला मी, हातात खडू.
"गोव्यात उतरलेला पहिला छापखाना
मुळात निघाला होता कुठे?"
अ गटाने घंटी आधी दाबली, मग विचार केला.
ब गट म्हणाला, "सावंतवाडी."
शाळा हसली.

उत्तर: हबशांचा देश.
जहाज वाटेत इथे टेकलं,
माणसं उतरली, पेट्या उतरल्या,
साडेचारशे वर्षांपूर्वीची गोष्ट,
यंत्र काही पुढे गेलं नाही.

तेव्हा मागच्या बाकावरून शाणू खोर्जुवेकर उठले.
चाळीस वर्षं खिळे जुळवलेला माणूस,
अजून दुकानांच्या पाट्या
उजवीकडून वाचायला लागतो.
"मी मस्कतला निघाल्लों," म्हणाले,
"पणजीच्या धक्क्यावर बोट चुकली.
पाऊस नव्हता, काही नव्हतं, नुसती झोप लागली.
समोर छापखाना. मालकाला
खिळ्यातली लग्नपत्रिका उलटी वाचून दाखवली.
म्हणाला, फाल्यां यो."

परीक्षकांनी घड्याळ दाखवलं.
हे उत्तर कुणाच्याच यादीत नव्हतं.

मी फळ्याच्या कोपऱ्यात
एक गुण मांडला,
उलटा,
त्यांना सरळ दिसेल असा.