देल्मिरामावशी माझा प्रश्न तपासते

रोसारिओत, नदीकडच्या खोलीत,
बिस्किटांच्या डब्यात माझे अकराशे डॉलर होते,
दोन वर्षं रात्रपाळीत
सोयाबीनचे ट्रक रिकामे करून साठवलेले.
पेसोवर भरवसा कोण ठेवतो?
सकाळी ज्या नोटेला चार पाव येत
संध्याकाळी तिला तीन.

गोदीतल्या ब्राउलिओनं नाणं सुचवलं : सुरुबी.
आमच्याच नदीतल्या माशाचं नाव,
लांब मिशांचा मासा, शेपटी तोंडात धरून
गोल नाणं झालेला.
मी यंत्राला विचारलं :
'सुरुबी इतकं झपाट्यानं का वाढणार आहे?'
यंत्रानं सात कारणं दिली.
सातही गोड.

मावशीनं चाळीस वर्षं वर्तमानपत्राची मुद्रितं तपासली.
दुसऱ्यांच्या चुका बघून बघून
तिचा एक डोळा कायमचा बारीक झालाय.
तिनं फोन घेतला, लांब धरला,
उत्तर वाचलंच नाही.
प्रश्न वाचला.

'का वाढणार आहे, म्हणजे वाढणार हे तूच ठरवलंस.
लग्न ठरवून मोकळा झालास
आणि त्याला नुसता मुहूर्त विचारलास.'

गॅसच्या बिलाच्या पाठीवर लाल पेन्सिल चालली.
'इतकं' गेलं. 'झपाट्यानं' गेलं.
विशेषणं फुकट असतात, म्हणाली,
म्हणून लोक सढळ हातानं वाढतात.
मग तिच्या तिरप्या अक्षरात :

'मला या नाण्याबद्दल काही माहीत नाही.
हे पैसे गेले तर माझ्याकडे दुसरे नाहीत.
त्यांचं चोवीस पानी निवेदन सोबत जोडलंय.
त्यात जे लिहिलंय ते वेगळं सांग, पान क्रमांकासकट;
तुझा अंदाज वेगळा.
नाणी किती जणांच्या हातात आहेत?
मला विकायचं झालं तर कोण अडवू शकतं?
समज, वर्षभरात सुरुबी बुडालं :
कशानं बुडालं, ते मागून पुढे सांग.
ठाऊक नसेल तिथे ठाऊक नाही म्हण.
मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.'

शेवटच्या ओळीपाशी पेन्सिल थांबली.
'हे वाक्य तुझ्या काकांना
लग्नाआधीच सांगायला हवं होतं.'

या वेळी उत्तर ओबडधोबड आलं.
पान सहा : दहातली आठ नाणी तीनच पाकिटांत.
पान एकोणीस : विक्री थांबवण्याचा अधिकार व्यवस्थापनाला.
व्यवस्थापन म्हणजे कोण, ते निवेदनात नाही.
तपासणी झाल्याचा दावा आहे, अहवाल जोडलेला नाही.
कार्यालय : सेइबो रस्ता, रोसारिओ.
तिथे प्रत्यक्षात काय आहे, मला ठाऊक नाही.

मावशीनं त्या ओळीखाली काचेवर नखानं रेघ ओढली.
'हं. हे छापायला जाऊ दे.'
आणि कोट चढवला.

बावीस मिनिटं चालत. अरुंद दार, सरसाचा वास,
ओठांत खिळे धरलेला म्हातारा चांभार.
'सुरुबी?' खिळे तळहातावर काढत तो म्हणाला,
'मासळी कोपऱ्यावर मिळते.'
मग आठवून टोपली पुढे केली :
त्या नावानं आलेली, न फोडलेली पाकिटं.
परत न्यायला कुणी येत नाही, म्हणाला, भाडंही कुणी देत नाही.
एवढं आलोच आहोत, तर मावशीनं
बुटाची टाच बसवून घेतली.

ब्राउलिओला मी तो प्रश्न जसाच्या तसा पाठवला.
त्यानं उलट रॉकेटचं चित्र पाठवलं.

पुढच्या आठवड्यात सुरुबी चौपट झालं.
हे लपवून काय उपयोग?
गोदीत ब्राउलिओनं सगळ्यांना भाजलेलं मांस खिलवलं,
मीही खाल्लं, चव चांगली होती.

रात्री डबा मांडीवर घेऊन यंत्रापुढे बसलो,
लिहिलं : 'मी चूक केली ना?'
आणि ते एवढंसं 'ना' दिसलं,
हात पसरून बसलेलं.

'ना' खोडलं.
मग बराच वेळ 'चूक'कडे बघत राहिलो.
खाली पहिला ट्रक आला होता,
हॉर्न वाजवत होता.